मणी, वाळू आणि माझं स्मार्टवॉच

रात्री दोनला ताईचा फोन. "बाळाला धाप लागल्यासारखं वाटतंय गं. डॉक्टर म्हणतात, मिनिटाला श्वास किती ते मोजून सांगा!"

ताई शेजारच्याच सोसायटीत राहते. धावले. माझ्या मनगटावर स्मार्टवॉच, झोपेतले माझे श्वाससुद्धा मोजणारं. पण सात महिन्यांच्या भाच्याला ते कुठे बांधणार? मोबाइलवर टायमर लावला, नजर बाळाच्या पोटावर. छत्तीस, सदतीस... बाळ हललं, आकडा गेला. ताई बँकेत, मी मास कॉमची पदवीधर. दोघींना साठ सेकंद धड मोजता येईनात!

तेव्हा गडचिरोलीवर लिहिताना वाचलेली एक वस्तू आठवली.

न्यूमोनियात शरीराला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून बाळ भराभर श्वास घेतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, तर धोका. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९८८ पासून गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच माणसांना, अगदी दायांनाही, हे ओळखून औषध द्यायला शिकवलं. अडचण एकच. अनेक दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं.

मग आला ब्रेथ काउंटर. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की न्यूमोनिया समजायचा. वयानुसार मण्यांची ओळ वेगळी. ना बॅटरी, ना चार्जर!

पण मण्यांनी कुणी बरं होत नाही. मोजणाऱ्या हाताजवळ औषध होतं, आणि तो हात गावातच होता. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू इतर गावांत १७.५, या गावांत ८.१.

आम्हीही तेच केलं. मी मोजायचं, दर दहाला ताईनं एक शेंगदाणा बाजूला ठेवायचा. चार शेंगदाणे आणि वर चार. चव्वेचाळीस! सकाळी डॉक्टरांनी तपासलं. साधी सर्दी.

घरी आले तर घड्याळ थरथरलं. 'तुमची झोप कमी झाली आहे.'

माहितेय रे बाबा!