फॅक्टर आठचा आकार

हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त गोठवायला मदत करणारा फॅक्टर आठ मिळू लागला तेव्हा हे प्रथिन दिसतं कसं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच हळूहळू वितळवला तर तळाशी उरणाऱ्या साक्यात हा फॅक्टर भरपूर असतो, हे ज्युडिथ ग्रॅहम पूल यांनी १९६४ मध्ये दाखवलं. रक्तपेढीत आजही मिळणारं ‘क्रायो’ ते हेच. पण प्लाझ्माच्या लिटरमागे हे प्रथिन जेमतेम एक दशांश मिलिग्रॅम. अभ्यासाला शुद्ध नमुना आणायचा कुठून?

१९८४ मध्ये जनुक हाती लागलं आणि निदान क्रम तरी वाचता आला: २,३३२ अमिनो आम्लं, ‘ए’ जातीचे तीन भाग, ‘सी’चे दोन आणि मध्ये लांबलचक ‘बी’, जो रक्त गोठवण्याच्या कामी लागतच नाही. त्याच काळात हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून केलेल्या फॅक्टरमधून एचआयव्ही पसरत होता. साहजिकच जनुकाचा पहिला उपयोग झाला तो पेशींमध्ये फॅक्टर बनवण्यासाठी. अमेरिकेत १९९२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. आकाराचा प्रश्न मागे पडला, आणि ते योग्यच होतं.

पुढे १९९९ मध्ये एकट्या ‘सी-२’ भागाची रचना आली. २००८ मध्ये ‘बी’ गाळलेल्या प्रथिनाचे स्फटिक करून उरलेला सांगाडा दिसला: तीन ‘ए’ वर, दोन्ही ‘सी’ खाली शेजारी-शेजारी, प्लेटलेटच्या पडद्यावर टेकायला सज्ज. एखादं अमिनो आम्ल बदलल्याने सौम्य हिमोफिलिया का होतो, हे आता नेमकं बोट ठेवून सांगता येऊ लागलं. तीव्र आजाराचं मात्र वेगळं. त्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत जनुकाचा मोठा तुकडाच उलटा बसलेला असतो, हे १९९३ मध्येच कळलं होतं. तिथे धड प्रथिनच तयार होत नाही, मग आकार कशाचा पाहणार? मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत वाहक स्त्रिया ओळखताना उपयोगी पडते ती या उलट्या तुकड्याची तपासणी.

फॅक्टर आठचं काम लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाचं: सक्रिय फॅक्टर नऊ आणि फॅक्टर दहा यांना योग्य अंतरावर समोरासमोर आणायचं. जपानच्या चुगाई कंपनीने एवढंच काम उचललं. तिच्या एमिसिझुमॅब या प्रतिपिंडाचा एक हात नऊला धरतो, दुसरा दहाला. अमेरिकेत ते २०१७ मध्ये मंजूर झालं. फॅक्टर आठशी त्याचं रूप जराही जुळत नाही, म्हणूनच फॅक्टरविरुद्ध शरीरात तयार झालेले इन्हिबिटर त्याला ओळखत नाहीत. शिवाय शीर शोधावी लागत नाही, त्वचेखाली टोचलं की काही आठवडे पुरतं. लहान मुलाच्या हाताला पुन्हा पुन्हा सुई टोचताना पाहिलेल्या आईबापांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

तरीही मोठी शस्त्रक्रिया ठरली किंवा अपघात झाला, की बहुतेकदा फॅक्टर आठच द्यावा लागतो. आणि एमिसिझुमॅब चालू असताना रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी नेहमीची एपीटीटी चाचणी फसवा निकाल देते, म्हणून प्रयोगशाळेला आधी कल्पना द्यावी लागते.