भावनिक स्वास्थ्य आणि स्वमूल्य : मनोचिकित्सकांची दृष्टी

भावनिक स्वास्थ्य म्हणजे मनाची अखंड प्रसन्नता, असा समज आपल्या समाजात रूढ आहे. जो रडत नाही, रागावत नाही, कशाचीही खंत बाळगत नाही, तो मनाने निरोगी, असे मानले जाते. विसाव्या शतकातील प्रमुख मनोचिकित्सकांची भूमिका मात्र याहून सर्वस्वी भिन्न आहे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अवहेलनेला तोंड द्यावे लागले, त्या समाजातील वाचकाने ती समजून घेणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) यांनी आरंभी फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषणाचा व्यवसाय केला. रुग्णाच्या बालपणात वर्षानुवर्षे शोध घेऊनही त्याचे आजचे दुःख हटत नाही, असे अनुभवास आल्यावर त्यांनी तो मार्ग सोडला आणि १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी केली. तिचे मर्म असे की घटना आणि भावना यांच्या दरम्यान एक तिसरी गोष्ट उभी असते. ती म्हणजे त्या घटनेविषयी आपण मनाशी बाळगलेली धारणा. नोकरीच्या मुलाखतीत नकार मिळालेला एक तरुण स्वतःशी म्हणतो, 'ही नोकरी मला हवी होती, ती मिळाली नाही, वाईट झाले.' दुसरा म्हणतो, 'ती मला मिळायलाच हवी होती, मिळाली नाही, म्हणजे मी कुचकामी आहे.' नकार एकच, परंतु पहिला दुःखी होऊन पुन्हा अर्ज करतो व दुसरा अंथरूण धरतो. एलिस यांचा रोख या 'च'वर होता. इच्छेचे रूपांतर हट्टात झाले की दुःखाचे रूपांतर विषण्णतेत होते. (एलिस केवळ ग्रंथपंडित नव्हते. वयाच्या १९ व्या वर्षी स्त्रियांशी बोलण्याचे भय घालविण्यासाठी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील वनस्पती उद्यानात महिनाभरात सुमारे शंभर अपरिचित स्त्रियांशी संभाषण केले. हाती काही लागले नाही, पण भय गेले!)

त्यांचे समकालीन ॲरन बेक (१९२१-२०२१) फिलाडेल्फिया येथे जवळपास त्याच निष्कर्षास पोहोचले, पण वेगळ्या वाटेने. विषण्णता म्हणजे आत वळलेला क्रोध, हा जुना सिद्धान्त प्रयोगाने सिद्ध करावा म्हणून त्यांनी रुग्णांची स्वप्ने तपासली, तेव्हा त्यांत क्रोधाऐवजी पराभव आणि वंचना आढळली. बेक यांनी पुराव्याचा मान राखला आणि सिद्धान्त सोडला. हीच शिस्त त्यांनी रुग्णालाही शिकविली. मनात आपोआप उमटणारा विचार कागदावर लिहावा, त्याच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा मांडावा आणि मग निर्णय करावा. चिकित्सकाच्या अधिकारवाणीला येथे स्थान नाही. रुग्ण आणि चिकित्सक मिळून तपास करतात.

आता स्वमूल्याचा प्रश्न. व्यक्तिविकासाची आजकालची शिबिरे 'आत्मप्रतिष्ठा वाढवा' असा घोष करीत असतात. एलिस यांचा याला विरोध होता, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे योगदान हेच होय. परीक्षेत उत्तम गुण मिळाले म्हणून मी श्रेष्ठ, असे जो मानतो त्याला गुण घटताच मी नीच, असेही मानावे लागते. यास्तव माणसाच्या कृतीचे मूल्यमापन करावे, संपूर्ण माणसाचे करू नये, असे ते सांगत. त्यांनी पुरस्कारिलेला विनाअट आत्मस्वीकार तो हाच. वस्तुतः जातिव्यवस्था म्हणजे संपूर्ण माणसाचे, तेही जन्मावरून, केलेले मूल्यमापनच होय. तिने दिलेले गुणांकन नाकारून त्याजागी पदवी, पगार किंवा बंगल्याचे गुणांकन आणले, तर मोजपट्टी बदलते, मोजणे तसेच राहते. आपल्या पहिल्या-दुसऱ्या सुशिक्षित पिढीतील कित्येक मुले अपयशाच्या एका धक्क्याने का कोसळतात, याचा विचार करताना हा मुद्दा ध्यानी घ्यावा.

कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) यांनी तीच गोष्ट नात्याच्या बाजूने पाहिली. 'तू असा वागलास तरच माझा' अशा अटींवर वाढलेले मूल स्वतःच्या खऱ्या अनुभवाशी फारकत घेते. ती फारकत भरून निघण्यास त्यांनी चिकित्सकाच्या ठायी तीन गोष्टी आवश्यक मानल्या : प्रांजळपणा, समानुभूती आणि विनाअट आदर. आई-वडील आणि शिक्षक यांनाही हे लागू पडते.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. सर्व दोष धारणेचा, तर अन्याय करणारा सुटला काय? वसतिगृहात जातीवरून हिणविल्या गेलेल्या विद्यार्थ्याला 'तू विचार बदल' एवढेच सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय, आणि असे सांगणारे चिकित्सक आढळतात. परंतु एलिस यांच्या पद्धतीत घटना खोटी ठरविली जात नाही. त्यांनी निरोगी आणि विघातक अशा नकारात्मक भावनांत भेद केला. अन्यायाबद्दल तीव्र नापसंती व दुःख निरोगी आहे, कारण ते कृतीस प्रवृत्त करते. स्वतःविषयीची घृणा विघातक आहे, कारण ती हातपाय बांधते.

तरीही आक्षेपाचा काही अंश उरतोच. त्याचे उत्तर फ्रान्झ फॅनन (१९२५-१९६१) यांच्याकडे शोधावे. मार्टिनिक बेटावर जन्मलेले हे कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ १९५३ मध्ये अल्जीरियातील ब्लिदा येथील रुग्णालयात रुजू झाले. फ्रेंच वसाहतीच्या राजवटीत जो समाज आपल्याच भूमीत परका करण्यात आला आहे, त्यातील माणसाला त्याच परिस्थितीशी जुळवून घ्यावयास लावणे हा उपचार नव्हे, अशी त्यांची खात्री झाली आणि १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. दुःखाचे मूळ सामाजिक संबंधांतही पाहणाऱ्या बाबासाहेबांच्या वाचकांना ही दृष्टी अपरिचित वाटणार नाही.

बौद्ध परंपरेशी या शास्त्राचा थेट संबंध १९७९ पासून दृढ झाला. त्या वर्षी जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांसाठी सतिसाधनेवर आधारलेला उपक्रम आरंभिला. पुढे सेगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी बेक यांच्या पद्धतीशी तिची सांगड घालून आठ आठवड्यांचा क्रम सिद्ध केला. विषण्णतेचे तीन वा अधिक झटके येऊन गेलेल्यांमध्ये तो पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण या क्रमाने घटते, असे त्यांच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. येथे विचार खोडून काढावयाचा नसतो. तो येतो आणि जातो, एवढे पाहावयाचे असते. मात्र शीलापासून तोडलेली ही सति केवळ कामगारांना शांत ठेवण्यासाठी वापरली जात असेल, तर तिच्याकडे साशंकतेनेच पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रात एलिस यांचा विचार डॉ. कि. मो. फडके यांनी रुजविला. त्यावर मराठीत ग्रंथही उपलब्ध आहेत. ग्रंथवाचन पुरेसे नसते तेव्हा चिकित्सकाकडे जाण्याचा संकोच आड येतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातील रस उडाला असेल, अथवा जीव नकोसा वाटत असेल, तर तज्ज्ञाची भेट लांबणीवर टाकू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय सेवेतून असे उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू झाली आहे. विहाराच्या सूचनाफलकावर हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवता येईल.