डिवचलं म्हणून हात उचलता येतो का?

२९ सप्टेंबर २०२५. अहिल्यानगरच्या माळीवाडा भागात रस्त्यावर रांगोळीने ‘आय लव्ह मुहम्मद’ लिहिलेलं आढळलं. ज्या जागेवरून लोकांचे पाय जातात तिथे हे नाव! मन दुखावणारच. तक्रार झाली, गुन्हा नोंदवला गेला, संशयिताला अटकही झाली. तरीही कोठला इथे रास्ता रोको झाला, दगड पडले, लाठीमार झाला आणि सुमारे ३० जणांना ताब्यात घेतलं गेलं. सकाळी आपण फिर्यादी होतो, दुपारी आपलीच मुलं आरोपी झाली.

मुद्दाम डिवचलं तरी गप्पच बसायचं का, असं तरुण विचारतात. गप्प बसू नये. पण हात कधी उचलता येतो, हे कायद्याने ठरवून दिलं आहे.

भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. आपल्या किंवा दुसऱ्याच्या अंगावर कुणी धावून आलं, घरा-दुकानाची नासधूस करू लागलं, तर त्याला रोखण्यापुरतं बळ वापरता येतं. गरजेपेक्षा जास्त नाही. पोलिसांकडे जाण्याइतका वेळ हाताशी असेल, तर हा हक्क उरतच नाही, असं कलम ३७ सांगतं. कुणी गचांडी धरली तर त्याला ढकलून सुटका करून घेणं हे स्वसंरक्षण. तो निघून गेल्यावर तासाभराने चार मित्र घेऊन त्याला गाठणं हा गुन्हा. शिवी, घोषणा, मोबाईलचं स्टेटस, रांगोळी यांनी जीव कितीही जळला तरी तो अंगावरचा हल्ला नव्हे.

‘राग अनावर झाला’ ही सबब फार तोकडी आहे. कलम १२२ गंभीर आणि अचानक झालेल्या चिथावणीलाच सूट देतं. साध्या दुखापतीची शिक्षा एक वर्षापर्यंतची असते, ती एक महिन्यापर्यंत खाली येते. दोषी मात्र ठरतोच. आणि किरकोळ टोमण्याला कोर्ट गंभीर चिथावणी मानेल, या भरवशावर राहू नये.

गर्दीचं गणित तर आणखी वाईट. पाच किंवा जास्त जणांचा जमाव बेकायदेशीर ठरला, की त्याच्या समान उद्देशासाठी एकाने मारलेल्या दगडाची जबाबदारी कलम १९० खाली सगळ्यांवर येते. मग पासपोर्ट, नोकरीची पोलीस पडताळणी, वर्षानुवर्षांच्या तारखा. वकिलाची फी अम्मीचे दागिने मोडून भरावी लागते.

पोलिसांनाही मर्यादा आहेत. जमावाला आधी पांगण्याचा आदेश, मग बळ. ताब्यात घेतलेल्याला २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं, मोफत वकीलही मिळतो. जखमा असतील तर वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरावा.

मस्जिद-ए-नबवीत एका खेडुताने लघवी केली, तेव्हा सहाबा त्याच्यावर धावले. प्रेषितांनी (स.) त्यांना अडवलं, जागेवर पाणी ओतायला लावलं आणि त्या माणसाला शांतपणे समजावलं. ही हदीस आपल्याकडे बयानात नेहमी ऐकवली जाते. कोठल्याच्या रस्त्यावर ती कुणाला आठवली नाही.

अपमानाला कायद्यात स्वतंत्र कलमं आहेत. जाणूनबुजून, द्वेषाने धर्माचा अपमान केला तर कलम २९९, तीन वर्षांपर्यंत कैद. असं काही दिसलं तर आधी फोटो-व्हिडिओ काढा, ११२ ला फोन करा, पुसण्याआधी पंचनामा करून घ्या. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जा. ठाण्यात दोन-तीन जाणती माणसं गेली तरी पुरे. बाकीच्यांनी बाहेर थांबायचीही गरज नाही.