नोकरी शोधताय? आधी परवान्याचं विचारा

मोबाइलवर जाहिरात येते, 'सहा महिन्यांत नर्स बना, नोकरीची हमी!' मुलगी उत्साहात असते, आईबाबा फीची जुळवाजुळव करू लागतात. थांबा. पैसे भरण्याआधी विचारा, हे काम करायला परवाना लागतो का आणि तो कोण देतं?

बऱ्याच नोकऱ्यांत मालकाला काम पसंत पडलं की पुरतं. पण जिथे चुकीमुळे दुसऱ्याचा जीव, पैसा किंवा हक्क धोक्यात येतो, तिथे कायद्याने नेमलेल्या संस्थेकडे तुमच्या नावाची नोंदणी असावी लागते.

सर्टिफिकेट म्हणजे परवाना नव्हे

जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा ३ वर्षांचा, तर बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं. मान्यताप्राप्त संस्थेतून तो पूर्ण करून राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली, की तुम्ही नोंदणीकृत नर्स. सहा महिन्यांच्या कोर्सवर रुग्णसेवेतली मदतनीसाची कामं मिळू शकतात, पण ही नोंदणी मिळत नाही.

औषधांच्या दुकानाचंही तसंच. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायची असतात. 'दुकानात बसू नका, फक्त सर्टिफिकेट भाड्याने द्या' असं कुणी म्हटलं तर स्पष्ट नकार द्या. थोड्या पैशांसाठी तुमची नोंदणीच रद्द होऊ शकते.

विशेष मुलांना शिकवायचं असेल, तर १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. घरं विकून देणाऱ्या एजंटला, प्रकल्प रेराखाली नोंदवलेला असेल तर, स्वतःचीही रेरा नोंदणी करावी लागते.

कधी परवाना तुमचा नसतो, मालकाचा असतो. सिक्युरिटी गार्डची नोकरी घेताना एजन्सीकडे २००५ च्या कायद्याखालचा परवाना आहे का, हे जरूर विचारा.

राज्य बदलताना

वकिलाची एका राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी झाली आणि अखिल भारतीय बार परीक्षा पास झाली, की देशभरातल्या कोर्टांत वकिली करता येते. नर्सचं तसं नाही. नागपूरहून बेंगळुरूला जाताना तिथल्या कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी आपल्या कौन्सिलचं ना-हरकत पत्र निघण्याआधी, 'लगेच रुजू होते' असा शब्द देऊ नका.

फी भरण्याआधी एवढं करा

• संस्थेचं नाव संबंधित कौन्सिलच्या अधिकृत वेबसाइटवर स्वतः शोधा. माहितीपत्रकावरच्या शिक्क्यावर विसंबू नका.
• कोर्सनंतर कोणती नोंदणी मिळेल, हे लेखी मागा.
• नोंदणीचं नूतनीकरण किती वर्षांनी करायचं, हे विचारून ठेवा.

हे शोधायला एक दुपार पुरते. मान्यता नसलेल्या कोर्समध्ये मात्र पैशांबरोबर मुलांची उमेदीची वर्षंही जातात.