नशिबात असेल तर उगवेल, मग बियाणं तपासायचं कशाला?

आजचा विषय थेट आमच्या घरातून आलाय. घर केनवडला, रिसोड तालुका, जिल्हा वाशिम. मी पुण्यात कोड लिहितो, बाबा तिकडे सोयाबीन पेरतात.

अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी होते. शेतात घट मांडून भोवती १८ प्रकारची धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती किती हलली ते पाहून पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. व्हॉट्सॲपवर ते आमच्याकडेही पोचतं. यंदा त्यावर गप्पा झाल्यावर मी विचारलं, "बाबा, घरचं बियाणं तपासलं का?"

"नशिबात असन तं उगवन, नसन तं नाही. कायले तपासा लागते?"

दोन वर्षांपूर्वी बियाणं उगवलंच नाही, दुबार पेरणी झाली. त्याचं कर्ज अजून फिटतंय. म्हणून मी चिडलो.

पण हा युक्तिवाद दोन हजार वर्षं जुना आहे. ग्रीक त्याला 'आळशी युक्तिवाद' म्हणायचे. बरं होणं लिहिलेलं असेल तर वैद्य बोलवा न बोलवा, बरे व्हालच. नसेल तर नाहीच. मग बोलवायचा कशाला? गंमत म्हणजे याला उत्तर दिलं ते नियती मानणाऱ्यानेच, इसवीसनापूर्वी ३ऱ्या शतकातल्या ख्रिसिपसने. त्याचं म्हणणं, बरं होणं लिहिलंय तर वैद्याला बोलावणंही त्याच्यासोबतच लिहिलेलं असेल.

कोडमध्ये बघा ना. तोच इनपुट दिला की तोच आउटपुट, ठरलेलंच. पण मधला एक फंक्शन कॉल उडवून बघा! शेवट ठरलेला असला म्हणजे मधल्या पायऱ्या फुकट, असं होत नाही.

बाबांना मी ख्रिसिपसचं नाव न घेता हेच सांगितलं. त्यांनी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळले. सातव्या दिवशी मोजले, ६२ उगवलेले. किमान ७० हवे असतात. मग एकरी ३० किलोऐवजी ३४ किलो पेरायचं ठरलं.

"तुहा फोन येनंबी नशिबातच होतं मंग," बाबा म्हणाले.

आणि इथे मी अडकलो. ख्रिसिपस आळस खोडतो, पण माणूस स्वतंत्र आहे हे काही सिद्ध करत नाही. गोणपाट बाबांनी भिजवलं, की तेही आधीच ठरलेलं? याच पेचावर टिळकांच्या १९१५च्या 'गीतारहस्या'त 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' हे अख्खं प्रकरण आहे. पुढच्या भागात ते उघडू.