टूलचेन सापडत नाही? आधी एनडीकेची आवृत्ती बघा

माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या कॉलेजात सीनियरचा सात-आठ वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड प्रकल्प लिनक्सवर बिल्ड करायला घेतला, की बहुतेकदा कोडच्या आधी टूलचेनच (कंपायलर, लिंकर वगैरे साधनं) अडते. ‘मिप्ससाठी टूलचेन सापडली नाही’ हा त्यातला नमुनेदार एरर. फोन मिप्स प्रोसेसरचा नसतो, प्रकल्पातही मिप्सचा उल्लेख नसतो. कारण असं की गुगलने २०१८ मध्ये एनडीकेमधून (अँड्रॉइडच्या सी/सी++ कोडसाठीच्या साधनसंचातून) मिप्स काढून टाकलं, पण ग्रेडलचं जुनं अँड्रॉइड प्लगइन त्याचा फोल्डर शोधत राहतं. प्लगइन ३.१ किंवा पुढचं घ्या, एरर जातो. रिकामा फोल्डर तयार करून प्लगइनला फसवण्याचा उपायही चालतो, पण तो आळशीपणा आहे.

त्याच वर्षी एनडीकेच्या आर१८ आवृत्तीतून जीसीसी कंपायलर गेला, क्लँग उरला. आर२३ मध्ये त्याची लिबजीसीसी लायब्ररीही गेली. त्यामुळे जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘-एलजीसीसी’ असेल तर लिंकर थांबतो. तो फ्लॅग काढा. जुनी रस्टही हीच लायब्ररी मागते, म्हणून रस्ट वापरत असाल तर १.६८ किंवा पुढची आवृत्ती घ्या.

आणि हो, फाइल डोळ्यांसमोर असूनही लिनक्स ‘फाइल नाही’ म्हणत असेल, तर ते जुनं ३२ बिटी टूल असू शकतं. तेव्हा गायब असतो तो ३२ बिटी लोडर.

लॉगमधला शेवटचा नव्हे, पहिला एरर वाचा. एनडीकेची आवृत्ती ग्रेडलच्या फाइलमध्येच लिहून ठेवा. पुढच्या बॅचचे हाल वाचतील.