आवाजाचा इलाज कापडाच्या दुकानात

ताडोबाच्या वेशीवरील मोहर्ली गावी आमच्या एका दोस्ताने नवे घर बांधले. सिमेंटच्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि बैठकीत हाय-फाय संच. पण गझल लावली की शब्द घुमायचे. दोस्त नवा अॅम्प्लिफायर घेण्याच्या बेतात होता. आम्ही म्हणालो, "भाईजान, पैसे थांबवा. दोष मशीनचा नाही, खोलीचा आहे."

हे आम्ही मनाचे सांगत नाही. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन यांच्याकडे एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचे काम आले. त्यांनी नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या तेथे आणून मांडल्या आणि घुमणे किती घटते ते मोजले.

आम्ही खोलीत टाळी वाजवली, तर झणझणाट झाला. मग फरशीवर जाड सतरंजी अंथरली. भिंतीच्या रुंदीच्या दुप्पट जाड कापड घेऊन चुणीचा पडदा लावला, तोही भिंतीपासून चार बोटे सोडून. पातळ कापड फक्त बारीक आवाज शोषते, हे ध्यानात ठेवावे.

खर्जाची गडबड पडद्याने जात नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे काढले. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांत सारखे अंतर ठेवले, ट्वीटर कानाच्या उंचीला आणले. वीज बंद करून तारा पाहिल्या, तर एका स्पीकरची लाल-काळी उलटी निघाली. ती सरळ करताच तबल्याचा डग्गा बोलू लागला.

अॅम्प्लिफायरचे पैसे वाचले. कापडवाल्या बांधवांनो, पडद्याचे गिऱ्हाईक आले की खिडकीच्या मापाबरोबर खोलीचा आवाजही विचारा.